पुनवेचा बेत

लाइट बिलाच्या पाठीवर लिहायला घेतलं:
मसाला दूध, चार लिटर.
पुढे स्वल्पविराम दिला, आणि पेन तिथंच अडलं.

रणधीरदादा येतोय. नऊ वर्षांनी.
फोनवर एवढंच म्हणाला, "कोजागिरीला आहे मी बडोद्यात,"
जसं कुणी सांगावं, गाडी वेळेवर आहे.

वहिनीला विचारलं असतं, त्याला हल्ली काय चालतं,
पण माझ्याकडचा तिचा नंबर जुना.
तो आता वाघोडियाचा कुणी टायरवाला उचलतो.

मला ठाऊक असलेला दादा
बेचाळीस वर्षांचा आहे.
त्याला बटाटेवडे कढईतून थेट ताटात लागतात,
दुधावरची साय त्याचीच,
आणि वांगं दिसलं की तो पाटावरून उठतो.
एक्कावन्नचा जो येणार आहे
त्याची साखर किती, दात किती,
रात्री नऊनंतर तो जेवतो की नुसतं ताक पितो,
मला काही म्हणजे काही माहीत नाही.

सकाळीच खंडेराव मार्केटात गेले.
गरब्याचे मांडव सुटत होते, बांबूंचे ढीग रस्त्याकडेला.
माझे पाय अजून नवरात्रातलेच.
कंद घेतला, जांभळा, नुकताच आलेला, मातीच्या वजनासकट.
कांतामासी म्हणाली, "कोण आवे छे, बेन?"
मी म्हटलं, मोठा भाऊ.
तिनं न मागता मूठभर कोथिंबीर टाकली पिशवीत.
नुसतं भाऊ म्हटलं असतं
तर दोन मिरच्यांवर भागलं असतं.

शेजारच्या हंसाबेन दूध-पौंआ पाठवणार,
गच्चीवर चांदण्यात ठेवलेला, वर मलमलीचं फडकं.
म्हणजे गोड दोन झाले.
त्याला साखर असेल तर दोन चुका.
एका पातेल्यात साखर घालायचीच नाही,
नुसतं केशर, जायफळ.
त्याबद्दल बोलायचं नाही, विचारायचं नाही,
ज्याला हवं तो उचलेल.
तसं आधीच जमलं असतं तर.
रावपुऱ्यातलं दुकान, आणि त्यावरची एक सही.
तिथं आता मोबाइलची कव्हरं विकतात.

आईला सांगितलं तेव्हा ती भुईमुगाच्या शेंगा धूत होती.
हात थांबला नाही.
म्हणाली, "मग निरांजन घासून ठेव.
पहिल्याला ओवाळायचं असतं."

नऊ वर्षं ती मला ओवाळत आली.
पहिल्या वर्षी पाट मांडून बसली दाराकडे बघत,
दूध आटत गेलं, वात काजळली,
मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ये गं, बस.
मुलींमध्ये तू पहिलीच."
मुलींमध्ये मी एकटीच.
पण बसले. आणि खोटं कशाला बोलू,
दुसऱ्या वर्षापासून चांगली साडी नेसून बसले.
कपाळावर ओलं कुंकू, अक्षता नाकावर घसरतायत,
वर चंद्र,
आणि त्या दोन मिनिटांत
या घरात माझ्याआधी कुणी जन्मलंच नव्हतं.

यंदा ताम्हन मी धरेन, वारा अडवेन.
दादाला टोपी लागेल.
बाबांची आहे कपाटात, तिला ऊन दाखवायला हवं.

बिल पुन्हा पुढ्यात ओढलं:
मसाला दूध, चार लिटर, त्यातलं एक बिनसाखरेचं.
बटाटेवडे. कंद. शेंगा वाफवून.
खिचडी, मऊच, दातांचा भरवसा नाही. कढी.
उलटून पाहिलं तर बिल भरायची मुदत उद्याची.

आणि खाली, कोपऱ्यात, बारीक अक्षरात:
भरली वांगी.
आई म्हणेल, अगं, चातुर्मास.
दादा पाटावरून उठेल, किंवा उठणार नाही.
चारच वांगी, देठासकट.
माझ्यासाठी.